सिक्युअर फॉरेन्सिक वॉर्डातली नर्स नेमकं करते काय?

निरभ्र

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये मेंटल हेल्थ नर्स आहे. आतापर्यंत साध्या ॲक्यूट वॉर्डात (आजार एकदम बळावलेल्या पेशंटच्या) होती, आता एका मीडियम सिक्युअर युनिटमध्ये तिची निवड होतेय. ज्यांच्या हातून गुन्हा घडलाय, पण मानसिक आजारामुळे कोर्टाने तुरुंगाऐवजी उपचारांसाठी पाठवलंय, किंवा तुरुंगात असताना आजार बळावला म्हणून तिथून हलवलंय, अशा लोकांचं हे हॉस्पिटल.

तिला जायचंय, घरात मात्र दोन तट पडलेत. आईला तिच्या जिवाची काळजी. बाबांचा आक्षेप वेगळाच आहे. ते म्हणतात, "तिथे नर्सिंग कसलं? किल्ल्या सांभाळायच्या आणि माणसं मोजायची. शिकलेलं सगळं वाया जाणार."

मला स्वतःला बाबांचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. एकच माणूस दाराला कुलूप लावणार आणि त्याच माणसाकडे पेशंटने मन मोकळं करायचं, हे जमतं कसं? जाणकारांनी कृपया लिहा. बहीणही हा धागा वाचणार आहे.

---

बिनधास्त_बोका

पहिला! ठाण मांडून बसलोय, येऊ द्या.

---

रोखठोक

जाणकार नाही, पण मत आहे. ज्याने कुणाचा जीव घेतला त्याला स्वतंत्र खोली, औषधं, नर्स, सायकॉलॉजिस्ट; आणि ज्याचा जीव गेला त्याच्या घरच्यांना काय? नर्सेसबद्दल आदर आहेच, पण त्यांची मेहनत चुकीच्या ठिकाणी खर्च होतेय असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

---

पहाटवारा

निरभ्र, मी इंग्लंडमध्येच मीडियम सिक्युअरला नर्स आहे, बरीच वर्षं झाली. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही, आणि उदाहरणांतले तपशील कुणाची ओळख पटू नये म्हणून बदललेले आहेत, तेवढं समजून घ्या.

तुमचे बाबा म्हणतात त्यातलं अर्धं खरं आहे. आत शिरताना मोबाईल लॉकरमध्ये. मग एअरलॉक, म्हणजे मागचं दार लागल्याशिवाय पुढचं उघडत नाही. पट्ट्याला साखळी, साखळीला किल्ल्या, आणि वापरत नसाल तेव्हा त्या पाऊचमध्येच. किल्लीचे दाते पेशंटला दिसता कामा नयेत. अंगावर अलार्म. प्रत्येक शिफ्टला एकाकडे सिक्युरिटीचं काम असतं: खिडक्या, दारं, कात्र्या, रेझर सगळं तपासून सही करायची. जेवण आटोपलं की सुऱ्या-काटे मोजायचे, आणि आकडा जुळेपर्यंत डायनिंग रूममधून कुणी हलायचं नाही.

पण हे सगळं नवीन माणूस थोड्याच दिवसांत शिकतो. आमच्याकडे सुरक्षेचे तीन भाग मानतात. पहिला भिंती, कुलपं, कॅमेरे. दुसरा नियम: झडती, मोजणी, कोण कुठे जाणार याची नोंद. तिसरी रिलेशनल सिक्युरिटी, म्हणजे तुम्ही तुमच्या पेशंटला किती ओळखता. पहिल्या दोन्हींवर पैसे खर्च करून भागतं, तिसरी फक्त नर्सिंगमधून येते.

एक उदाहरण देते. एक पेशंट कायम टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसायचा. एका दुपारी तो कोपऱ्यात जाऊन बसला, पाठ भिंतीला लावून. जेवला, पण टेबलावरच्या जगमधलं पाणी घेतलं नाही. स्वतः उठून नळावरून ग्लास भरून आणला. ना भांडण, ना आरडाओरडा. कॅमेऱ्यात हे सगळं पुन्हा पाहिलं असतं तरी कुणाला काही वावगं दिसलं नसतं. मला मात्र त्याची केस माहीत होती. आपल्या पाण्यात कुणीतरी काहीतरी मिसळतंय, या संशयातूनच त्याच्या हातून गुन्हा घडला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. समोर नाही, बाजूला, आणि त्याची दाराकडची वाट मोकळी ठेवून. पाण्याचा विषय काढलाच नाही. झोप कशी लागतेय एवढंच विचारलं. "लागत नाही," म्हणाला. मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. त्याच संध्याकाळी डॉक्टरांशी बोलून औषधाचा डोस बदलला, आणि ज्याच्यावर त्याचा संशय होता त्या पेशंटला त्याच्यापासून जरा लांब ठेवलं.

त्या दिवशी वॉर्डात काहीच घडलं नाही. आमचं निम्मं काम असं न घडलेल्या गोष्टींचं असतं, त्यामुळे ते बाहेर कुणाला दिसत नाही.

---

सायली_९

अंगावर काटा आला वाचताना. वाचनखूण साठवली.

---

तळटीप

@रोखठोक, 'तुरुंगाऐवजी हॉस्पिटल म्हणजे सुटला' असा समज सगळीकडे आहे, म्हणून कायद्याचं थोडं.

इंग्लंड-वेल्समध्ये मेंटल हेल्थ ॲक्ट, १९८३ च्या कलम ३७ खाली कोर्ट शिक्षेऐवजी हॉस्पिटल ऑर्डर देतं. जनतेला गंभीर धोका वाटला तर क्राउन कोर्ट त्याला कलम ४१ चे निर्बंध जोडतं. या निर्बंधांना आता मुदत नसते. ठरावीक मुदतीची शिक्षा झालेल्या कैद्याला सुटकेची तारीख असते, याला ती नसते. हॉस्पिटलच्या आवाराबाहेर तासभर फिरवून आणायचं तरी न्याय मंत्रालयाची परवानगी लागते. सुटका झाली तरी बहुतेकदा अटींवर, आणि प्रकृती ढासळली तर परत बोलावता येतं. त्याच गुन्ह्यासाठी तुरुंगात गेला असता तर लवकर बाहेर आला असता, अशी उदाहरणं आहेत.

पीडितांचं म्हणाल तर २००४ च्या कायद्याने गंभीर हिंसक आणि लैंगिक गुन्ह्यांतल्या पीडितांना सुटकेच्या अटींबद्दल आपलं म्हणणं मांडता येतं. ते पुरेसं आहे असं माझं म्हणणं नाही.

वेडाच्या बचावाचा आपल्याकडचा नियमही तिथूनच आलाय. १८४३ मध्ये डॅनियल मॅकनॉटनने पंतप्रधान पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. तो निर्दोष ठरल्यावर जो गदारोळ झाला त्यातून ठरलेली कसोटी भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये उतरली, आणि आज भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. मॅकनॉटन पुढे नव्या ब्रॉडमूर हॉस्पिटलात हलवला गेला आणि तिथेच वारला.

---

रोखठोक

@तळटीप, मुदत नसते हे माहीत नव्हतं. माहितीबद्दल आभार. माझा मुद्दा मात्र मुदतीचा नव्हता, सहानुभूतीचा होता. ती कुणाच्या वाट्याला जाते?

---

पहाटवारा

@रोखठोक, उत्तर देते, जरा लांबेल.

आमच्याकडच्या कित्येक केसेसमध्ये बळी गेलेली व्यक्ती घरातलीच असते. आई, बाप, बायको, भाऊ. आजारात माणसाची पक्की खात्री असते की समोर उभी आहे ती आपली आई नाहीच. मग औषध लागू पडतं. महिने जातात. आवाज थांबतात, संशय विरतो, आणि एक दिवस त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडतो की ती आईच होती.

सगळ्यांना वाटतं की पेशंट बरा होतोय म्हणजे आता काळजी मिटली. आमच्यासाठी तोच काळ सगळ्यात जोखमीचा असतो, कारण त्या शुद्धीबरोबर आत्महत्येचा विचार येतो. डॉक्टर भेटतात राउंडला, सायकॉलॉजिस्ट ठरलेल्या वेळी. रात्री अडीचला तो उठून बसतो तेव्हा वॉर्डात नर्स असते. त्या वेळी "तुझा दोष नाही" असं म्हणून चालत नाही, त्याला ते खोटं वाटतं. "तूच केलंस" हेही म्हणायची गरज नसते, ते त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. मग काय करायचं? बसायचं. त्याने आईबद्दल सांगितलं तर ऐकायचं: ती कशी हसायची, कशावरून रागवायची. गुन्ह्याच्या फाईलमध्ये ती फक्त 'मृत महिला' असते. त्या रात्री ती पुन्हा माणूस होते.

ही सहानुभूती पीडिताकडून काढून घेतलेली नसते हो. आपण काय केलं याची पूर्ण जाणीव झालेला, आणि ती जाणीव पेलून जगू शकणारा माणूसच पुढे कुणासाठी धोका राहत नाही. आम्ही तिथवर न्यायचा प्रयत्न करतो. सगळे पोचतात असं नाही.

---

अबोली

@पहाटवारा, __/\\__

---

नाना_निवृत्त

मंडळी, ऐंशीच्या दशकात मी एका हाय सिक्युअर हॉस्पिटलात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. जुन्या काळाबद्दल चार शब्द.

इंग्लंडात हाय सिक्युअर तीनच: बर्कशायरचं ब्रॉडमूर (१८६३ चं), नॉटिंगहॅमशायरचं रॅम्प्टन (१९१२) आणि लिव्हरपूलजवळचं ॲशवर्थ. आमची युनियन कुठली होती, सांगा बघू? प्रिझन ऑफिसर्स असोसिएशन! नर्स म्हणून नोंदणी आणि संघटना तुरुंगरक्षकांची. गणवेशही त्याच वळणाचा. निरभ्रच्या वडिलांच्या मनातलं चित्र त्या काळापुरतं अगदीच चुकीचं नव्हतं.

या कामात नव्याने येणाऱ्याने ॲशवर्थच्या दोन चौकश्या वाचाव्यात असं मी नेहमी सांगत आलो. पहिली ब्लॉम-कूपर समितीची, १९९२. पेशंटना वाईट वागणूक, दडपशाहीचं वातावरण, तक्रार करणाऱ्याला त्रास. त्यावर सुधारणा झाल्या, बंधनं सैल केली. मग १९९९ चा फॅलन समितीचा अहवाल. त्याच हॉस्पिटलच्या पर्सनॅलिटी डिसऑर्डर युनिटमध्ये अमली पदार्थ, अश्लील साहित्य, आणि कहर म्हणजे एका लहान मुलीला भेटीच्या नावाखाली तिथल्या पेशंटच्या सहवासात येऊ दिलेलं. फॅलन यांनी तर हॉस्पिटलच बंद करा म्हटलं, सरकारने ते मानलं नाही. त्यानंतर २००० मध्ये सुरक्षेबद्दलचा टिल्ट अहवाल आला आणि तिन्ही ठिकाणी कुंपणं उंचावली, झडत्या वाढल्या.

एकदा अति कडक, एकदा अति ढिलं. कुंपण दोन्ही वेळा होतंच. दोन्ही वेळा जे हरवलं ते वॉर्डातल्या माणसाचं भान: समोरचा आजारीही आहे आणि धोकादायकही असू शकतो, हे एकाच वेळी लक्षात ठेवणं. कडक नर्सला पहिलं विसरायला होतं, भोळ्या नर्सला दुसरं.

---

बिनधास्त_बोका

नाना, दंडवत. तुम्ही वेगळा धागा काढाच, ही आज्ञा समजा.

अवांतर: पहाटवारा ताई, घरी गेल्यावर पण चमचे मोजता का?

---

पहाटवारा

@बोका 😀 चमचे नाही मोजत, पण दार ओढून ते खरंच लागलंय का हे दोनदा बघते. घरचे कंटाळलेत. आणि हॉटेलात भिंतीकडे पाठ असलेली खुर्ची कायम माझी.

---

चष्मिष

थोडा अवघड प्रश्न विचारते. धरून ठेवणं, खोलीत बंद करणं हे प्रकार होतातच ना? ते करणारी पण नर्सच. उपचार करणाऱ्याने असं करावं, हे मला पटत नाही.

---

अबोली

@चष्मिष, मी पेशंटच्या हक्कांच्या बाजूने काम करते, त्यामुळे नर्सेसपेक्षा माझा सूर वेगळा लागेल.

होय, होतात. सेक्लुजनचे, म्हणजे पेशंटला एकट्याला खोलीत बंद ठेवण्याचे, नियम लेखी आहेत: सतत नजर ठेवायला माणूस, किमान दर १५ मिनिटांनी नोंद, दर २ तासांनी दोन नर्सेसनी आढावा, सुरुवातीला दर ४ तासांनी डॉक्टरांचा. हे नियम फुकट आलेले नाहीत. १९९८ मध्ये नॉरिचच्या नॉर्विक क्लिनिक या मीडियम सिक्युअर युनिटमध्ये डेव्हिड 'रॉकी' बेनेट या ३८ वर्षांच्या कृष्णवर्णीय पेशंटला नर्सेसनी पालथं पाडून दाबून धरलं, त्यात त्याचा मृत्यू झाला. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका पेशंटने त्याला वर्णावरून शिव्या दिल्या होत्या, मारामारी झाली होती, आणि दुसऱ्या वॉर्डात हलवलं गेलं ते बेनेटलाच. संताप तिथे भडकला आणि त्याने एका नर्सला मारलं. चौकशी समितीने शिफारस केली की पालथ्या स्थितीत कुणालाही ३ मिनिटांपेक्षा जास्त धरू नये. २०१० मध्ये ओलासेनी लुईस हा तरुण हॉस्पिटलात पोलिसांनी धरून ठेवल्यानंतर दगावला. त्याच्या आईवडिलांच्या लढ्यातून २०१८ चा बळाच्या वापराबद्दलचा कायदा आला. आता प्रत्येक युनिटला धोरण, प्रशिक्षण आणि बळ वापरल्याची नोंद बंधनकारक आहे.

भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९७ ने सेक्लुजनवर सरळ बंदी आहे. शारीरिक प्रतिबंध फक्त तातडीची इजा टाळायला दुसरा उपाय नसेल तेव्हा, आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने.

बेनेटच्या केसमधलं मला सगळ्यात जास्त खुपतं ते 'कुणाला हलवायचं' हा निर्णय. धरपकड त्यानंतर झाली. नर्सिंगची कसोटी त्या आधीच्या तासाभरात होती.

---

पहाटवारा

अबोलीच्या शेवटच्या परिच्छेदाला +१००. आम्हाला तो तास वाचायला शिकवतात. 'डासा' नावाचा एक तक्ता आहे, मेलबर्नच्या थॉमस एम्ब्लिंग हॉस्पिटलात तयार झालेला. सात गोष्टी, नर्स रोज भरते: चिडचिड, उतावळेपणा, सांगितलेलं न ऐकणं, साध्या गोष्टीत डिवचल्यासारखं वाटणं, नकार मिळाल्यावर भडकणं, नकारात्मक सूर, धमक्या. पुढच्या २४ तासांत धोका किती, याचा अंदाज येतो.

पण आकडा काढून काय उपयोग, पुढे काही केलं नाही तर? नकार कसा द्यायचा, हे कसब आहे. समजा पेशंटची रजा, म्हणजे युनिटबाहेर जाऊन यायची परवानगी, रद्द झाली. वॉर्डाच्या मध्यावर, दहा जणांसमोर, घाईत "आज नाही जमणार" म्हणालात तर तुम्ही स्वतः ठिणगी टाकलीत. त्याच्या फोनची, जेवणाची वेळ बघून, बाजूला घेऊन, कारण सांगून, पुढची तारीख हातात घेऊनच जायचं. 'सेफवॉर्ड्स' या पद्धतीत हे सगळं मांडलंय. वाईट बातमी कशी हलकी करायची, हँडओव्हरला (पुढच्या शिफ्टकडे काम सोपवताना) प्रत्येक पेशंटबद्दल एक तरी चांगली गोष्ट बोलायची, वगैरे दहा गोष्टी. २०१५ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला, १५ हॉस्पिटलांतले ३१ वॉर्ड: भांडण-मारामारीसारखे प्रसंग १५ टक्क्यांनी आणि धरपकड-सेक्लुजनसारखे उपाय सुमारे २६ टक्क्यांनी घटले. ते ॲक्यूट वॉर्ड होते, आमच्यासारखे सिक्युअर नव्हेत, हे सांगायला हवं. तरी आमच्याकडे मला फरक जाणवतो, विशेषतः हँडओव्हरच्या त्या एका वाक्याचा. ज्याच्याबद्दल सकाळी चांगलं ऐकलंय त्याच्याशी तुम्ही दिवसभर वेगळं वागता.

---

कोरा_कागद

मी सायकॉलॉजिस्ट आहे, फॉरेन्सिकमध्येच. थोडी तक्रार करू का?

धोक्याचा सविस्तर अंदाज आम्ही एचसीआर-२० वर मांडतो. वीस मुद्दे: दहा भूतकाळाचे, पाच सध्याच्या प्रकृतीचे, पाच पुढच्या धोक्याच्या व्यवस्थापनाचे. भूतकाळ फाईलमध्ये सापडतो. सध्याच्या पाच मुद्द्यांसाठी मी नर्सेसच्या नोंदी उघडते आणि पानंच्या पानं एकच वाक्य असतं: 'शिफ्टभर शांत होता. जेवण, औषध घेतलं.' अहो, शांत कसा? खोलीत तोंड फिरवून शांत, की पत्ते खेळताना हरल्यावर शांत? दुसऱ्या प्रकारच्या शांततेवर माझा अख्खा अहवाल फिरू शकतो.

पहाटवारा यांनी खुर्ची आणि पाण्याचं जे टिपलं ते सोनं आहे. पण ते त्यांच्या डोक्यात राहिलं आणि नोंदीत आलं नाही, तर पुढच्या शिफ्टला आणि ट्रायब्युनलला (पेशंटच्या सुटकेचा विचार करणाऱ्या न्यायमंडळाला) ते माहीतच नसतं.

---

पहाटवारा

@कोरा_कागद, तक्रार रास्त, पण दुसरी बाजूही ऐका. एक जण पेशंटला घेऊन बाहेरच्या हॉस्पिटलात, एक जण सतत नजर ठेवायला बांधलेला, उरलेल्या दोघींत वॉर्ड, औषधं, फोन, व्हिजिट. शिफ्ट संपायला वीस मिनिटं असताना आठ जणांच्या नोंदी लिहायच्या असतात. त्या वेळी 'शांत होता' हेच सुचतं. बारीक नोंदी हव्या असतील तर लिहायला वेळ आणि माणसं द्या. हे मी कळवळून सांगतेय, वाद म्हणून नाही.

---

नाना_निवृत्त

+१. माणसं कमी पडली की पहिली रद्द होते ती पेशंटची रजा. चिडतो तो, ऐकून घेते नर्स. रजेच्या दिवशी माणूस कमी पाठवणारा तिथे नसतोच.

---

सायली_९

शरीराच्या तब्येतीचं कोण बघतं? की तिथे सगळं मनाचंच?

---

पहाटवारा

@सायली, उलट! गंभीर मानसिक आजार असलेल्यांचं आयुष्य बाकीच्यांपेक्षा सरासरी १५ ते २० वर्षांनी कमी भरतं, आणि त्याला हृदयविकार, मधुमेह, धूम्रपान हीच कारणं जास्त. आमच्याकडे क्लोझापीन (स्किझोफ्रेनियावरचं औषध) घेणारे बरेच. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, मग वर्ष पुरं होईपर्यंत पंधरवड्याने, पुढे महिन्याला. सलग ४८ तासांपेक्षा जास्त डोस चुकला तर पुन्हा अगदी थोड्यापासून सुरुवात. आणि बद्धकोष्ठता! क्लोझापीनवर ती जिवावर बेतू शकते. त्यामुळे शौचाला झाली का, हे मी रोज विचारते, आणि खून केलेला सहा फुटी माणूस लाजून मान खाली घालतो.

---

मधुमालती

पहिल्यांदाच लिहितेय इथे.

माझा भाऊ अशा युनिटमध्ये आहे. त्याने ज्यांच्यावर वार केला ते आमचे वडील. ते वाचले. त्याआधी कित्येक महिने आम्ही मदत मागत हिंडत होतो आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही.

रोखठोक, तुम्ही विचारलंत सहानुभूती कुणाला. आमच्या घरात पीडित आणि पेशंट एकाच ताटात जेवलेत. मी कुणाची बाजू घेऊ?

त्याच्या नर्सचा फोन आला त्या दिवसाचं सांगते. ती म्हणाली, "आज त्याने पहिल्यांदा वडिलांबद्दल विचारलं. तुमची तयारी नसेल तर तसं मी त्याला सांगेन, कुणालाही घाई नाही." एवढंच. त्याआधी सगळ्यांनी आम्हाला एकतर माफ करा म्हणून सांगितलं होतं, नाहीतर तोडून टाका म्हणून. आमच्या तयारीचं तिनेच पहिल्यांदा विचारलं. बाबांनी खूप वेळ घेतला. मग एक पत्र लिहिलं, ते तिने त्याच्याशेजारी बसून वाचून घेतलं, आणि तो नंतर कसा होता ते संध्याकाळी फोन करून आम्हाला सांगितलं.

निरभ्र, तुमच्या बाबांना सांगा की शिकलेलं वाया जात नाही.

---

अबोली

मधुमालती, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

---

रोखठोक

मधुमालती ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. तुमचे बाबा बरे असोत. अनोळखी माणसाचा बळी गेलेल्या घरांबद्दलचा माझा प्रश्न मात्र शिल्लक आहे, तो मी सोडत नाही.

---

नाना_निवृत्त

सोडूही नका. विचारणारं कुणीतरी हवंच.

---

निरभ्र

सगळ्यांचे आभार. बहिणीने रात्री जागून सगळा धागा वाचला, आईलाही वाचून दाखवला. तिचे दोन प्रश्न: एक, पेशंटशी जवळीक आणि अंतर यांचा मेळ कसा घालायचा? नानांच्या दुसऱ्या अहवालाने ती जरा हादरलीय. दोन, मुलाखतीत तिनेही त्यांना काही विचारावं असं आहे का?

---

पहाटवारा

पहिल्याचं: मर्यादा एका झटक्यात मोडत नाहीत, हळूहळू झिजतात. "बाकीच्या नर्सेसपेक्षा तुम्ही वेगळ्या आहात" इथून सुरुवात होते. मग एखादी छोटी सवलत, मग "हे आपल्यातच राहू दे". आपल्यातच राहू दे हे शब्द आले की त्याच शिफ्टला टीमला सांगायचं, मग गोष्ट कितीही क्षुल्लक असो. पेशंटलाही आधीच सांगून ठेवायचं की माझ्याशी बोललेलं टीमपासून लपत नाही. स्वतःबद्दल काही बोलूच नये असं नाही. गाणी, क्रिकेट, आवडता रंग चालतो. घर कुठे, मुलं कुठल्या शाळेत, घरी काय चाललंय, हे नाही. आणि स्वतःला एखाद्याच पेशंटची जास्त ओढ किंवा जास्त चीड वाटायला लागली तर सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी सहकाऱ्याबरोबरच्या ठरलेल्या बैठकीत, बोलायचं. दोन्ही भावना स्वाभाविक आहेत, लपवल्या की घात होतो.

दुसऱ्याचं: कायमचा स्टाफ किती आणि एजन्सीचा किती, हे विचार. रोज नवा चेहरा येत असेल तर रिलेशनल सिक्युरिटी कागदावरच राहते. सुपरव्हिजन ठरलेल्या वेळी खरंच होतं का, हे तिथल्या नर्सला विचार, मॅनेजरला नको. गेल्या महिन्यात माणसं नव्हती म्हणून किती रजा रद्द झाल्या? मारामारीनंतर स्टाफशी आणि पेशंटशी बसून बोलतात का? रात्री वॉर्डात नोंदणीकृत नर्स किती? आणि आईला सांग की धोका आहे, पण एकटीने तोंड देण्याची वेळ येऊ नये अशीच सगळी रचना असते. ती तशी आहे का, हे जॉइन होण्याआधी वॉर्ड बघायला मागून स्वतः पाहून घे. नर्सेस ऑफिसच्या काचेआड बसल्यात की पेशंटमध्ये, हे पाच मिनिटांत कळतं.

---

तळटीप

यादीत एक भर. ट्रायब्युनलला नर्सिंग रिपोर्ट वेगळा द्यावा लागतो, बहुतेकदा हजर राहून उत्तरंही द्यावी लागतात. ज्या पेशंटशी आपण रोज बोलतो त्याच्यासमोरच "अजून धोका आहे" म्हणायची वेळ येते. तो रिपोर्ट आधी पेशंटला दाखवून त्याच्याशी बोलायची पद्धत तिथे आहे का, आणि तो लिहायचा वेळ रोटामध्ये (ड्युटीच्या वेळापत्रकात) धरतात का, हेही विचारायला सांगा.

---

कोरा_कागद

रोटामध्ये धरत असतील तर मलाही कळवा. मी आमच्या मॅनेजरला दाखवते.